नाकाचा हिशेब

मेलबर्नला आल्यावर पहिली काही वर्षं नाक गुमान असतं. मग एखाद्या ऑक्टोबरात शिंकांची माळ लागते आणि डोळे चोळून चोळून लाल होतात. आमच्याकडे हे नेमकं दिवाळीच्या तोंडावर व्हायचं, म्हणून सगळं खापर चकलीच्या घाण्यावर फुटायचं. खरं कारण होतं रायगवत. शहराच्या उत्तरेची आणि पश्चिमेची कुरणं याच दिवसांत फुलतात आणि उत्तरेकडून सुटलेला गरम वारा त्यांचे परागकण शहरभर आणून टाकतो.

परागकणांचा अंदाज देणारं ॲप फोनवर घ्याच. पण नुसत्या आकड्यावर विसंबू नका. घनमीटरभर हवेत 20 पेक्षा कमी कण म्हणजे ‘कमी’, 50 च्या पुढे ‘जास्त’, 100 च्या वर ‘अति’. हा हिशेब गवताचा. ऑगस्टमध्ये उडणारे सायप्रसचे परागकण किंवा रस्त्याकडेच्या प्लेन झाडांची लव त्यात धरलेली नसते. शेजारी सकाळीच लॉन कापतोय, हे तर ॲपला कुठून कळणार?

म्हणून स्वतःची नोंद हवी. नाक-डोळ्यांची तर कराच. शिवाय झोप कशी लागली, गाडी चालवताना त्रास झाला का, कामात लक्ष लागलं का, कोणती गोळी किती वाजता घेतली, हेही टिपा. माझ्या नोंदींतून कळलं की दुपारची पेंग ॲलर्जीची नव्हतीच, गोळीची होती. चादरी बाहेर तारेवर वाळवल्या की दुसरी सकाळ हमखास वाईट जायची, हेही त्यातच दिसलं. डॉक्टरीणबाईंचं बोट मात्र ‘रात्री खोकला’ या शब्दांवर थांबलं. त्यांनी फुंकण्याची तपासणी करायला लावली. निघाला दमा.

इथे ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. 21 नोव्हेंबर 2016 च्या संध्याकाळी या शहरावर वादळ आलं. ओलाव्याने परागकण फुटले, त्यांचा बारीक चुरा वाऱ्याच्या झोताबरोबर लोकांच्या फुप्फुसांत खोल गेला. हजारो लोक इस्पितळांत धावले, 10 जण दगावले. त्रास झालेल्यांत भारतीय वंशाचे लोक खूप होते, आणि ‘मला फक्त शिंका येतात, दमा नाही’ म्हणणारेही कितीतरी.

तेव्हा ॲपची सूचना बंद करू नका. वादळी दम्याचा इशारा आला की वारा सुटायच्या आत खिडक्या लावून घ्या. नाकातला स्प्रे डॉक्टरांना विचारून मोसमाच्या आधीच सुरू करा. त्याचा गुण यायला दिवस लागतात. निळा पफर पर्समध्ये ठेवा. गाडीच्या कप्प्यात नको, उन्हात गाडी भट्टीसारखी तापते. दम लागला तर स्पेसरमधून एकेक करून 4 पफ, प्रत्येकामागे 4 श्वास, मग 4 मिनिटं थांबायचं. उतार पडला नाही तर 000 ला फोन, आणि मदत येईपर्यंत हेच पुन्हा पुन्हा. श्वास फारच कोंडला असेल तर फोन आधी.

आणि हो, इशाऱ्याच्या संध्याकाळी मुलांच्या क्रिकेटला सुट्टी. कोच कुरकुरतो. कुरकुरू दे.