अणूचीं चित्रें आणि त्यांतील उणिवा

पाठ्यपुस्तकांतील अणूचें चित्र कोणीं तरी डोळ्यांनीं पाहूनच काढलें असावें, असें आपणांस वाटतें. वस्तुतः तें एक अनुमान होय. अशीं कित्येक अनुमानें विद्वानांनीं मांडलीं आणि पुढें सोडलीं. तीं कां सोडावीं लागलीं, याचा येथें विचार करूं.

इंग्लंडमधील जॉन डाल्टन यांनीं १८०८ सालीं असें प्रतिपादिलें कीं, प्रत्येक मूलद्रव्य अविभाज्य अणूंचें बनलेलें असतें. मूलद्रव्यांचा संयोग ठराविक वजनी प्रमाणांतच कां होतो, हें त्यावरून उत्तम उलगडलें. परंतु १८९७ सालीं जे. जे. थॉमसन यांना अणूहून हजार पटींपेक्षांही हलका असा ऋणविद्युत्कण, म्हणजे इलेक्ट्रॉन, सांपडला. अणूच्या पोटांतून कण निघतो, तर तो अविभाज्य कसा?

थॉमसन यांनीं १९०४ सालीं नवें चित्र मांडलें. अणु म्हणजे धनविद्युतेचा गोळा, आणि लाडवांत बेदाणे असावेत तसे त्यांत इलेक्ट्रॉन रुतलेले. असें असेल तर वेगवान अल्फा कण त्यांतून जवळजवळ सरळच जावयास हवेत. १९०९ सालीं मँचेस्टर येथें रदरफर्ड यांच्या प्रयोगशाळेंत गायगर व मार्सडेन यांनीं असे कण धातूच्या पत्र्यांवर सोडले. प्लॅटिनमवर पडलेल्या सुमारें ८००० कणांपैकीं एखादा मागें फिरला! मार्सडेन त्या वेळीं विद्यार्थीच होते. एवढा थोडा फरक त्यांनीं नजरचूक म्हणून सोडून दिला नाहीं. त्यावरूनच रदरफर्ड यांनीं १९११ सालीं ठरविलें कीं, अणूचें बहुतेक वजन मध्यभागींच्या अतिसूक्ष्म केंद्रकांत एकवटलेलें असतें व इलेक्ट्रॉन त्याच्या बाहेर असतात.

तथापि, केंद्रकाभोंवतीं फिरणारा इलेक्ट्रॉन विद्युतशास्त्राच्या तत्कालीन नियमांप्रमाणें प्रकाशरूपानें शक्ति गमावून निमिषार्धांत केंद्रकावर कोसळला पाहिजे. मग आपण बसतों तें बांकही टिकलें नसतें! डेन्मार्कचे नील्स बोर यांनीं १९१३ सालीं सांगितलें कीं, इलेक्ट्रॉन ठराविक कक्षांतच राहतो व तेथें शक्ति गमावीत नाहीं. हायड्रोजनच्या वर्णपटांतील रेषांचा उलगडा यामुळें झाला. पण दोन इलेक्ट्रॉनांच्या हेलियमपुढें हें गणित अडलें. १९२६ सालीं श्रोडिंगर यांच्या तरंगसमीकरणानंतर ठराविक कक्षाही गेल्या. इलेक्ट्रॉन कोठें सांपडण्याचा किती संभव, एवढेंच सांगतां येऊं लागलें.

रदरफर्ड हे थॉमसन यांचे शिष्य, आणि बोर यांनीं रदरफर्ड यांच्याजवळ काम केलेलें. गुरूच्या चित्रांतील उणीव शिष्यानें दाखविली, तरी गुरूचा मान उणावला नाहीं. डाल्टन यांची वजनांची रीत आपण रसायनाच्या तासाला अद्याप वापरतोंच. म्हणून वहींत अणूचें चित्र काढतांना त्यानें काय उलगडतें हें लिहूं, आणि तें कोठें अपुरें पडतें हेंही त्याखालीं लिहूं या.