राखीव कोअरवर कोण येतंय?

प्रश्न : आमच्या वर्कशॉपमध्ये लिनक्सवर मोटर-नियंत्रण चालते. चारपैकी ३ क्रमांकाचा कोअर 'आयसोलसीपीयूज'ने राखीव ठेवला, तरी मधूनच ठोका चुकतो. असे का?
– एक वाचक, तुळजापूर (जि. धाराशिव)

उत्तर : 'आयसोलसीपीयूज' इतर प्रोग्रॅमना त्या कोअरपासून लांब ठेवते; कर्नलचे स्वतःचे थ्रेड तिथे येतच राहतात. 'पीएस'च्या यादीत 'केवर्कर/३', 'केसॉफ्टआयआरक्यूडी/३' अशी नावे दिसतील. नावातला ३ म्हणजे त्याच कोअरला बांधलेला थ्रेड. तो हलवता येत नाही, पण त्याचे काम कमी करता येते.

बूट करताना 'आयआरक्यूअफिनिटी=०-२' द्या; उपकरणांचे इंटरप्ट बाकीच्या कोअरवर जातील. 'नोएचझेड_फुल=३'ने टाइमरची टिकटिक थांबते, मात्र कोअरवर एकच काम चालू असेल तरच. न बांधलेल्या वर्कक्यूंचा सीपीयूमास्क ७ ठेवा, म्हणजे कोअर ०, १ आणि २.

प्रत्येक बदलानंतर पूर्ण भार देऊन 'सायक्लिकटेस्ट' रात्रभर चालवा आणि सरासरी नव्हे, कमाल विलंब बघा. प्रीएम्प्ट-आरटी २०२४ च्या ६.१२ कर्नलपासून मुख्य लिनक्समध्येच आहे. ते जरूर वापरा. यंत्रापाशी माणसाचा हात असतो, म्हणून तपासणीत घाई नको.