पंखा बंद करून रंग मोज

भाच्या, झरीत रंग मिसळायचं मशीन टाकतोस म्हणे. टाक. पण मामाने उभा जन्म ब्रश नि गन चालवली, तेवढं ऐकून मग पैसे मोज.

आधी महिनाभर वही ठेव. दारात येतं काय ते लिही. ट्रॅक्टरचं बोनेट, ट्रॉलीच्या फळ्या, मोटारसायकलच्या टाक्या, खताच्या दुकानाच्या पाट्या, कधीमधी जिंतूर रोडची एखादी कार. पाटीला, ट्रॉलीला एनॅमल लागतं. टाकीला हार्डनरचा पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन. मेटॅलिकला बेसकोट नि वर क्लिअर. म्हणून विकणाऱ्याला विचार, एकाच टिंटरला, म्हणजे शेडसाठी मिसळायच्या घट्ट रंगाला, एनॅमल नि पीयू दोन्ही बाइंडर चालतात का? चालत असतील तर एका मांडणीत दोन धंदे. मेटॅलिक-पर्लचे डबे मात्र वहीने सांगितल्याशिवाय भरू नको.

संपलेला टिंटर परभणीत मिळतो का, हेही विचार. एक डबा नसला की शेड अडते, नि गिऱ्हाईक थांबत नाही.

काटा ०.१ ग्रॅम दाखवणारा घे. रंग ओतताना पंखा बंद. मे महिन्यात झरीत हे जिवावर येतं, पण वाऱ्याने आकडा नाचतो. पाव लिटर पांढऱ्यात काळा टिंटर ०.२ ग्रॅम इतकाच असू शकतो. एक दशांश हुकला की निम्मी चूक. पाव लिटरहून कमी रंग बनवूच नको. हार्डनर न घातलेला उरला तर झाकण घट्ट लाव, वर शेड नि तारीख लिही.

टिंटर तळाला बसतो. सकाळी मशीनची मांडणी १५ मिनिटं फिरू दे, मग पहिला डबा. लाईट नसली तर झाकणाचा दांडा हाताने फिरव.

पाटीवाला नुसतं ‘लाल दे’ म्हणाला तर नंबर विचार. भारतीय मानकात सिग्नल लाल ५३७, पोस्टाचा लाल ५३८. दोघेही लालच.

एकदा पांढऱ्या गाडीचं दार मी ट्यूबलाइटखाली जुळवलं. आत एकजीव, अंगणात नेलं तर पिवळट. घासून पुन्हा मारलं, पदरचे पैसे गेले. तेव्हापासून पत्र्याच्या पट्टीवर मारतो, वाळवतो, उन्हात गाडीला लावून बघतो. रंगाचा कोड बरोबर असला तरी दहा उन्हाळे खाल्लेली गाडी त्याचं ऐकत नाही.

शेवटचं. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याने दमा जडतो. नाकाला रुमाल बांधून भागत नाही, बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो. आम्ही रुमालावर दिवस काढले. रात्रीचा माझा खोकला तू ऐकलाच आहेस. कोटेशन मागशील तेव्हा मास्कची ओळ सगळ्यात वर लिही, मशीनची तिच्याखाली.