कष्ट म्हणजे व्यायाम नव्हे : ज्येष्ठांचे आरोग्य आणि आपले विहार

आरोग्य हा सर्वांत मोठा लाभ होय, अशी तथागतांची शिकवण आहे. ती आपण वाचतो, प्रवचनात ऐकतो. परंतु घरातील वृद्ध आई-वडिलांच्या बाबतीत ती किती आचरणात आणतो, याचा विचार समाजातील सुशिक्षित तरुणांनी करणे अगत्याचे आहे.

नांदेड व लातूर जिल्ह्यांत आपल्या समाजाची आज सत्तरी गाठलेली पिढी ही कष्टकऱ्यांची पिढी आहे. कोणी खुरपणी आणि कापूस वेचणी केली, कोणी ऊसतोडीला गेले, कोणी लातूरच्या आडत बाजारात पोती वाहिली, कोणी नांदेडच्या उस्मानशाही मिलमध्ये पाळ्या केल्या. अर्धपोटी राहून याच पिढीने मुलांना शिकविले. या माणसांना व्यायामाविषयी सांगू गेल्यास एकच उत्तर मिळते, "जन्मभर राबलो, आता आणखी व्यायाम कशाला?" हे उत्तर हसण्यावारी नेण्यासारखे नाही. त्याचा नीट विचार केला पाहिजे.

कष्ट आणि व्यायाम

कष्टात काम महत्त्वाचे असते, शरीर नव्हे. दिवसभर वाकून खुरपताना कंबर व गुडघे झिजतात, पण खांदे पूर्ण वर जात नाहीत. पाठीवर पोते असताना थकवा आला तरी थांबता येत नाही. व्यायामात याच्या उलट असते. सर्व सांधे पूर्ण फिरविले जातात, भार हळूहळू वाढविला जातो आणि मध्ये विश्रांती असते. शिवाय कष्टाने कमावलेली ताकद काम सुटल्यावर टिकत नाही. मुले नोकरीला लागली, आई घरी बसली, की दोन-तीन वर्षांत तिला खाली बसून उठणे जड जाते. मग ती विहारात येणे टाळते, कारण वंदनेला मांडी घालून बसता येत नाही. पुढे न्हाणीघरात पाय घसरून खुब्याचे हाड मोडते आणि स्वावलंबी माणूस अंथरुणाला खिळतो.

धम्मातील आधार

शरीराला क्लेश देणे आणि विषयसुखात रमून जाणे ही दोन्ही टोके भगवंतांनी नाकारली. विनयपिटकातील चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. वैशालीत उपासकांकडून मिळणाऱ्या पक्वान्नांमुळे भिक्खू स्थूल व आजारी झाले होते. वैद्य जीवकाने ते पाहिले आणि चंक्रमणाची, म्हणजे येरझारा घालण्याची जागा व घाम काढण्याचे स्नानगृह यांना परवानगी द्यावी, अशी विनंती भगवंतांना केली. ती मान्य झाली. अंगुत्तरनिकायात चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत : प्रवासाची क्षमता, परिश्रमाची क्षमता, निरोगीपणा, अन्नपचन आणि दीर्घकाळ टिकणारी समाधी. स्वतः भगवंत वयाच्या ऐंशीव्या वर्षी राजगृहाहून कुशीनारापर्यंत पायी गेले. आपले शरीर जुन्या गाड्याप्रमाणे कसेबसे चालत आहे, असे ते आनंदाला म्हणाले. तरी चारिका थांबली नाही.

उशीर झालेला नसतो

वय वाढले की स्नायू घटतात, हे खरे. परंतु ते पुन्हा बळकट होऊ शकतात. १९९० साली अमेरिकेतील बोस्टन येथे नव्वदीच्या आसपासच्या काही दुर्बल वृद्धांकडून आठ आठवडे पायांचे वजनाचे व्यायाम करून घेण्यात आले. ज्यांनी ते पूर्ण केले त्यांच्या पायांची शक्ती सरासरी दुपटीहून अधिक वाढली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली ६५ वर्षांवरील व्यक्तींसाठी सांगितलेले प्रमाण असे आहे : आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम गतीची हालचाल, किमान २ दिवस ताकदीचे व ३ दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम.

रोजचा पाठ

१. चालणे : सुरुवात १० मिनिटांपासून करावी व ३० मिनिटांपर्यंत न्यावे. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, अशी गती ठेवावी.

२. ऊठबस : भिंतीला टेकविलेल्या पक्क्या खुर्चीवरून हातांचा आधार शक्य तितका कमी घेत १० वेळा उठावे, बसावे.

३. भिंतीचे दंड : भिंतीपासून हातभर दूर उभे राहून तळवे टेकावेत; कोपर वाकवून छाती भिंतीकडे न्यावी व परत यावे. १० वेळा.

४. टाचा उचलणे : खांब धरून दोन्ही टाचा १० वेळा उचलाव्यात.

५. तोल : खांबाजवळ एका पायावर १० सेकंद उभे राहावे. नंतर एका पावलाच्या बोटांना दुसऱ्याची टाच लावीत दहा पावले चालावे.

६. हात : पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली म्हणजे एक किलोचे वजन. ती धरून कोपर वाकवावे, सरळ करावे. शेवटी खांदे व मान सावकाश फिरवावी.

७. जमिनीवरून उठणे : आधी कुशीवर वळावे, मग गुडघ्यांवर यावे, मग स्टूल धरून उठावे. हे शिकताना जवळ कोणी तरी असावे. पडल्यावर हीच युक्ती कामी येते.

दक्षता

रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत व प्राथमिक आरोग्य केंद्रांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार मोफत आहेत. इन्सुलिन अथवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी लांब चालू नये. खिशात गुळाचा खडा ठेवावा. मधुमेहींनी अनवाणी फिरू नये व रोज तळपाय पाहावेत. छातीत दुखणे, धाप किंवा चक्कर आल्यास लगेच थांबावे व डॉक्टरांकडे जावे. मराठवाड्याचा उन्हाळा कडक आहे. त्या दिवसांत ऊन चढण्यापूर्वीच व्यायाम आटोपावा आणि पाणी पीत राहावे.

विहाराने काय करावे?

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात अनेक विहारांत ग्रंथवाचन होते. तेव्हा लोक रोज एकत्र येतातच. वाचनापूर्वी अर्धा तास हा पाठ घेतला, तर तीन महिने नियमित व्यायाम घडेल. पावसाळ्यात बाहेर चिखल असतो; विहाराचे सभागृह कोरडे व सपाट असते. ज्यांना खाली बसता येत नाही, त्यांच्यासाठी खुर्च्या मांडाव्यात; त्यात संकोच मानू नये.

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी हे काम अंगावर घ्यावे. पहिल्या दिवशी प्रत्येक आजी-आजोबांना हात छातीशी बांधून ३० सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा पूर्ण उठता येते, ते मोजून वहीत लिहावे. ७० ते ७४ वयाच्या पुरुषाला १२ पेक्षा व स्त्रीला १० पेक्षा कमी जमत असेल, तर पडण्याचा धोका अधिक समजतात. आश्विन पौर्णिमेला पुन्हा मोजावे. वाढलेला आकडा पाहून त्या माणसाला जो हुरूप येईल, तो कोणत्याही भाषणाने येणार नाही.

ज्यांच्या खांद्यांवर बसून आपण शाळेत गेलो, त्यांना म्हातारपणी स्वतःच्या पायांनी विहाराची पायरी चढता यावी, एवढीच अपेक्षा आहे. त्यासाठी पैसा फारसा लागत नाही; एक खुर्ची, एक भिंत आणि मोजायला शेजारी उभा असलेला एक नातू किंवा एक नात पुरेशी आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!