घराचा खर्च, घराची बचत



घराचे काम काढले की आपण आधी रंग आणि फरशीचा विचार करतो. पण काही कामे अशी असतात, की ती आपल्यात घातलेला पैसा हळूहळू परत देतात. बुरूज बांधू पाहणारा आधी बसून खर्चाचा हिशेब करतो, असा दाखला लूकच्या शुभवर्तमानात (14:28) आहे. तसाच हिशेब आज आपण विजेच्या बिलाचा करू या.

1. बिल वाचणे : घरगुती विजेचे पहिले 100 युनिट कमी दराने व त्यापुढचे बऱ्याच जास्त दराने आकारले जातात. म्हणून 130 युनिट वापरणाऱ्याने 30 वाचवले, तर नेमके महागडे युनिट कमी होतात.

2. दिवे व पंखे : 60 वॅटच्या पिवळ्या बल्बऐवजी 9 वॅटचा एलईडी रोज 5 तास लावला, तर महिन्याला साडेसात युनिट वाचतात. जुना पंखा सुमारे 75 वॅट घेतो, बीएलडीसी पंखा 30 च्या आसपास. रोज 12 तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला 16 युनिट वाचले. भाड्याच्या घरातही हे जमते. खोली सोडताना पंखा बरोबर नेता येतो.

3. छप्पर : उन्हाळ्यापूर्वी स्लॅबला पांढरा चुना दिला तर खोली कमी तापते. खर्च थोडा, आणि काम घरच्या घरी होते.

4. सूर्याची वीज : आपल्या राहाता तालुक्यात उन्हाची कमतरता नाही. शिर्डीच्या साईबाबा संस्थानाने 2009 साली प्रसादालयासाठी 73 सौर तबकड्या बसवून वाफेवर हजारोंचा स्वयंपाक सुरू केला. घराच्या गच्चीवर 1 किलोवॅटला साधारण 100 चौरस फूट जागा लागते व महिन्याला सरासरी 100 ते 120 युनिट मिळतात, पावसाळ्यात कमी. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत 1 किलोवॅटला 30,000, दोनला 60,000 आणि तीन व त्याहून अधिकला 78,000 रुपये अनुदान ठरले. मात्र अनुदान काम झाल्यावर खात्यात जमा होते. तसेच बॅटरी नसेल, तर वीज गेल्यावर हा संचही बंद पडतो. अर्जापूर्वी महावितरणच्या कार्यालयात चौकशी करावी.

5. कर्जाची काळजी : महिन्याला 900 रुपये वाचणार आणि हप्ता 1,500 चा, तर उरलेले 600 मुलांच्या फीमधून किंवा किराण्यातून जातात. ज्यांचे बिल 100 युनिटच्या आतच आहे, त्यांनी मोठ्या खर्चाची घाई करू नये. आधी बल्ब, मग पंखा. वाचलेले पैसे बाजूला ठेवून त्यातूनच पुढचे काम करावे.

कुटुंबात चर्चेसाठी :
- गेल्या तीन बिलांत आपले युनिट किती होते?
- घरात सर्वांत जास्त तास काय चालते?
- या वर्षी कोणते एक काम आपण कर्ज न काढता करू शकतो?