किरणोपचाराची त्वचेवरील ‘आठवण’

शहापूरचा कर्करुग्ण आसनगावहून लोकलने, तर मुरबाडचा एस.टी.ने कल्याण गाठून परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात जातो. किरणोपचार संपतात, त्वचा पूर्ववत होते. पुढे काही महिन्यांनी, क्वचित वर्षांनी, कर्करोगावरील औषधे सुरू होतात आणि पूर्वी किरण दिलेली तेवढीच त्वचा लाल होऊन तिची आग होते. प्रसंगी फोडही येतात.

वैद्यकशास्त्रात यास किरणोपचाराची ‘आठवण’ म्हणतात. 1959 साली अमेरिकेतील डॉ. डॅन्जिओ व त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲक्टिनोमायसिन-डी या औषधासंदर्भात तिचे वर्णन केले. डॉक्सोरुबिसिन, डोसिटॅक्सेल, जेमसिटाबीन या औषधांनंतरही ती आढळते. तिची कारणमीमांसा अद्याप पूर्ण झालेली नाही.

हा विकार संसर्गजन्य नाही. रुग्णास वेगळे बसविण्याचे कारण नाही. झाडपाल्याचे लेप मात्र टाळावेत. औषध थांबवावे की चालू ठेवावे, हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवावयाचे असते. त्यासाठी किरण कोठे व केव्हा दिले, याचा कागद त्यांच्यासमोर असणे अगत्याचे आहे. तो कागद घरोघरी जपला जावा, एवढे शिक्षक व पंचायत सदस्यांनी पाहिले, तरी रुग्णाचे मोठे हित साधेल.