पॅनेलवरची एवढीशी सावली

तायांनो, सोलर दिवा चार्ज होत नाही म्हणून नव्या पॅनेलसाठी गटातून कर्ज उचलण्याआधी भर दुपारी एकदा पॅनेल बघून या. त्यातला प्रत्येक सेल म्हणजे सिलिकॉनचा डायोड. ऊन पडलं की तो साधारण अर्धा व्होल्ट वीज तयार करतो. बारा व्होल्टच्या पॅनेलमध्ये बहुधा असे 36 सेल माळेतल्या मण्यांसारखे एकामागे एक जोडलेले असतात. ऊन निम्मं झालं की करंटही जवळपास निम्मा होतो, व्होल्ट मात्र थोडेच उतरतात. म्हणून मीटरवर व्होल्ट ठीक दिसतात आणि बॅटरी तरी भरत नाही! लहान पॅनेलचा एकच सेल शेवग्याच्या फांदीनं झाकला, तरी सगळ्या माळेचा करंट आटतो. दोरीवरची साडीसुद्धा तेवढीच नडते. आधी ती सरकवा, फांदी छाटा, दोन दिवस दिवा लावून बघा.